वर पाणी नव्हतं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी, सकाळी पावणेअकराच्या सुमारास मोशीतल्या आमच्या सोसायटीतले अकरा जण हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या एका डोंगरावरच्या युद्धस्मारकापाशी पोहोचले. त्यांच्यातल्या एकाने एकाहत्तरच्या लढाईत तो डोंगर तीन दिवस राखला होता, असं तोवर माझ्याशिवाय बाकीचे मानत होते. साडेअकरा वाजता तसं मानणारं कोणी उरलं नव्हतं.

ही सहल मी ठरवली होती. हेतूही तोच होता.

आमच्या भागात फौजेतून परतलेल्या कोणालाही मेजर म्हणतात. हुद्दा कोणी विचारत नाही. सोसायटीत असे दोन मेजर होते. एक इथलेच. सोसायटी ज्या वावरात उभी आहे ते वावर त्यांच्या भावकीचं. वय त्र्याहत्तर, पाठ ताठ, मळवलीपासून लोहगड न थांबता चढणारे. या लेखात मेजर म्हणजे ते. दुसरे माझे वडील. ते सातारा जिल्ह्यातून आलेले. फौजेत खेचरांच्या तुकडीत होते. डोंगरावरच्या चौक्यांना दारूगोळा, पीठ आणि पाणी पोहोचवणं हे त्या तुकडीचं काम. फौज सुटल्यावर ते महाळुंग्याच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत होते. तिथूनही निवृत्त झाल्यावर ते माझ्याकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले.

पंधरा ऑगस्टला झेंडा मेजरच फडकवत. त्यानंतर त्यांचं भाषण होई. ते दरवर्षी जवळपास तेच असे आणि मधला भाग लोकांना पाठ झाला होता.

"तीन दिस आन तीन रात्री. खाली दुस्मन, वर आमी नऊ जन. कारवीच्या रानात पालथं पडून ऱ्हायचं. तहान लागली का सरपटत टाक्यावं जायाचं. कातळात खोदलेलं टाकं. पानी असं गार, दाताला कळ यायाची."

चार वर्षांपूर्वीच्या पंधरा ऑगस्टला सोसायटीच्या सेक्रेटरींनी वडिलांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं. वडील बोलणारे नव्हेत. ते उठले आणि दोनच वाक्यं बोलले. "मेजर म्हणतात त्या डोंगरावर मीही जात होतो. वर पाणी नव्हतं, आम्ही खालून नेत होतो."

त्यांना मेजरना खोटं पाडायचं होतं का, हे मला ठाऊक नाही. त्यांच्या आवाजावरून तसं वाटलं नाही.

मेजरनी माइक हातात घेतला. "खेचराच्या शेपटीमागं चालनाऱ्याला वर काय हाय ते कसं दिसनार, राव?"

लोक हसले.

"आन पैला गोळा पडल्याव खेचरं सोडून खाली पळत सुटलं ते कोन व्हतं, ते बी सांगा की मेजर."

लोक आणखी हसले. वडिलांच्या हातात जिलेबीची पुडी होती. ती त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि जिन्याने वर आले. लिफ्ट चालू होती.

त्या आठवड्यात पार्किंगमध्ये पोरं त्यांना 'खेचर मेजर' म्हणू लागली. मग ते नाव भाजीवाल्याकडे गेलं, इस्त्रीवाल्याकडे गेलं. पार्सल आणणाऱ्याला वॉचमन 'खेचर मेजरच्या विंगेत' असा पत्ता सांगू लागला. माझ्या मुलीला शाळेच्या बसमध्ये त्यातलं 'खेचर' चिकटलं. वडिलांनी नदीकाठचं फिरणं बंद केलं. कटिंगवाला घरी येऊ लागला. चार वर्षांत ते फक्त दवाखान्यात जायला खाली उतरले.

मला एक गोष्ट हवी होती. मेजरनी ते शब्द त्याच जागी, त्याच लोकांसमोर, स्वतःच्या तोंडाने मागे घ्यायचे. वडील खरंच पळाले होते का, हे मी त्यांना विचारलं नाही. चार वर्षांत एकदाही नाही.

मी पिंपरीच्या एका दैनिकात डेस्कवर काम केलं आहे. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय बातमी लावायची नाही, असा तिथे नियम होता. वडील हे एकच ठिकाण होतं, आणि तेही घरचं.

धागा मेजरच्या भाषणातच होता. कारवी आमच्या सह्याद्रीत उगवते. टाकी आमच्या गडांवर असतात, कारण आमचा दगड काळा आणि एकसंध आहे. त्यात पाणी साठवायला खोदता येतं. वनखात्यातून निवृत्त झालेल्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याला मी फोन केला. त्या डोंगररांगेत कारवी नाही आणि तिथला डोंगर गोट्यांचा आणि मातीचा आहे, असं त्यांनी सांगितलं. मेजरनी न पाहिलेला डोंगर सांगताना रोजच्या पाहण्यातला डोंगर सांगितला होता.

हे तेव्हाच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता आलं असतं. टाकलं नाही. फोनवर खोटा ठरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायला उभा राहतो. मला त्यांना तिथे उभं करायचं होतं.

सोसायटीत दर रविवारी गड चढणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. बहुतेक जण चाकण आणि महाळुंग्याच्या कंपन्यांत कामाला आहेत, दोघे-तिघे आयटीत. त्यांची एक प्रथा आहे. ज्या गडावर जातील तिथल्या टाक्यातलं पाणी तांब्याच्या कलशात भरून आणायचं आणि पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीला झेंड्याच्या कट्ट्यावर शिंपडायचं. या वेळी दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात जाऊ, असं मी सुचवलं. मेजरच्याच डोंगरावर जाऊ, वाट तेच दाखवतील, आणि कलशात त्यांच्या टाक्याचं पाणी आणू. सगळ्यांना कल्पना आवडली. सेक्रेटरींनी लगेच गेटवर फ्लेक्स लावायचं ठरवलं. फ्लेक्सवर सॅल्यूट करणारे मेजर होते, मागे छापखान्यातल्याच कुठल्या तरी फोटोतले बर्फाचे डोंगर होते. खालचा मजकूर मी लिहिला: 'आमचे मेजर पुन्हा रणभूमीवर. त्यांचा डोंगर, त्यांच्या टाक्याचं पाणी.'

फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी मेजर माझ्याकडे आले. गुडघा दुखतोय म्हणाले. त्या वेळी तिथे ग्रुपमधला एक जण होता. तो चाकणच्या एका कंपनीत, पत्र्याचे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपचा सुपरवायझर आहे, मूळचा बीडचा.

"मेजर, गुडघा दुखालाय म्हणता अन् मागच्या रविवारी माझ्या म्होरं लोहगड चढलाव," तो म्हणाला. "तुम्हीच नाही आलाव तर आम्हाला टाकं कोण दाखवणार?"

मेजरनी गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "येतो की. न्हाई कुटं म्हनलो."

रेल्वेने दोन दिवस, मग बस, मग डोंगराखालच्या गावात मुक्काम. सकाळी आठला चढायला सुरुवात केली. वाट सोपी होती. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि पायाखाली त्यांच्या वाळलेल्या काड्या. त्यावरून बूट घसरत होते. डोंगर गोट्यांचा होता. वाटेकडेच्या दरडीला हात लावला की माती सुटून गोटे खाली येत. मी मेजरच्या मागे चालत होतो.

"मेजर, कारवीचं रान कुठवर आलं?" सुपरवायझरने विचारलं.

"फुडं हाय."

"फुडं म्हणजे किती?"

"चाल की गुमान. पन्नास वर्सं झाली. तोडली असत्याल झाडं."

अर्ध्या तासाने तो पुन्हा म्हणाला, "झाडं तोडली, मान्य. पण डोंगरबी बदलला का काय सरकारनं? ह्यो तर नुसता भुसभुशीत हाय. ह्यात टाकं खोदलं तर पहिल्याच पावसात बुजून जाईल."

सगळे हसले. ते अजून गंमतच करत होते. मेजरही हसले. चढताना ते चार वेळा थांबले. दर वेळी बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"नको," सुपरवायझरच मध्ये बोलला. "त्यांचं ते टाक्यावरच पितील."

शेवटच्या टप्प्याला चुन्याने रंगवलेल्या पायऱ्या होत्या. वर सपाटी, मधोमध दगडी खांब, त्यावर नावांचा फलक, बाजूला झेंडा. स्मारकाची देखभाल करणारा एक हवालदार होता, तिशीतला. त्याने सगळ्यांना बूट काढून कट्ट्यावर यायला सांगितलं. लढाई कशी झाली, हे तो ठरलेल्या शब्दांत सांगत गेला. तो थांबल्यावर सुपरवायझरने पिशवीतून कलश काढला.

"साब, वो पानी का कुंड किधर है?"

"कौन सा कुंड?"

"पत्थर में खोदा हुआ. लड़ाई में हमारे मेजर साब ने उसी का पानी पिया था."

हवालदाराने मेजरकडे पाहिलं. "साहब, आप यहाँ थे?"

मी म्हणालो, "यहीं थे. तीन दिन."

हवालदाराने टाच जुळवून कडक सॅल्यूट केला. मेजरचा हात छातीपर्यंत वर आला आणि तिथूनच खाली गेला.

"फिर तो साहब को मालूम होगा," हवालदार आमच्याकडे वळून म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. "यहाँ पानी कभी था ही नहीं. कुंड कहाँ खोदोगे, पत्थर ही नहीं है. एक-एक बूँद नीचे नाले से खच्चर पर आती थी. खच्चर वाले न होते तो ऊपर वाले प्यासे मर जाते. आज भी टैंकर नीचे मोड़ तक आता है, आगे हम ढोते हैं."

खांबाच्या मागच्या बाजूला दुसरा, लहान फलक होता. तो खेचरांच्या तुकडीचा, असं त्याने सांगितलं. सुपरवायझरने तो मोठ्याने वाचला. मेलेल्या जवानांची नावं होती, खाली मेलेल्या खेचरांचे नंबर होते. शेवटची ओळ अशी होती: 'गोलाबारी में भी इस टुकड़ी का फेरा नहीं रुका.'

वडिलांचं नाव त्यावर नव्हतं. ते मेले नव्हते. फलकावरची ओळ हा एका माणसाविषयीचा पुरावा होत नाही, फलक गौरवासाठीच लिहितात. वहीत मी तसं नोंदवलं आणि ओळ उतरवून घेतली.

सुपरवायझर मागे वळला. कलश त्याच्या हातात तसाच होता.

"मग मेजर, तुम्ही प्यालात ते पाणी कुठलं?"

या वेळी तो हसत नव्हता. मेजर पायरीवर बसले. "ध्यानात न्हाई," ते म्हणाले.

"टाकं ध्यानात हाय, कारवी ध्यानात हाय. चार वर्षांमागं खेचरवाले पळाले तेबी ध्यानात होतं."

"न्हाई म्हनलो ना."

मी वही उघडीच ठेवली होती. विचारलं, "मेजर, तुमची तुकडी कोणती? हे फलक तुकडीवार आहेत. आपण तुमच्या तुकडीचं नाव शोधू."

मी प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. तिसऱ्यांदाही विचारला. हवालदाराने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि झेंड्याची दोरी नीट करायला निघून गेला. तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. ग्रुपचा फोटो काढला तेव्हा मेजर पायरीवरच होते. त्यांना कोणी बोलावलं नाही.

उतरताना ते सगळ्यांच्या मागे होते. कोणी त्यांच्यासाठी थांबलं नाही. मी त्यांच्या पुढे दहा पावलं ठेवून चालत होतो. ते घसरल्याचा आवाज दोनदा आला.

परतीच्या गाडीत दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या बर्थच्या टोकाशी येऊन बसले.

"तू ठरवून आनलंस मला."

"हो."

"त्यो फ्लेक्सबी तुजाच."

"हो."

"मी तुज्या वडलांच्या पाया पडतो. उतरल्या उतरल्या. घरी येतो तुज्या."

"घरी नको. जिथे बोललात तिथे."

"थेरगावला पोर दिलीय माजी. जावई बी आपल्या सोसायटीच्या ग्रुपात हाय. नातवं हायेत मला. ऐक की बाबा."

"माझ्या मुलीला शाळेच्या बसमध्ये खेचर म्हणतात."

मग ते न विचारता सांगू लागले. ते डेपोत होते, डोंगरापासून दूर, मैदानात. तंबू आणि घोंगड्या वाटायचं काम. वडिलांची तुकडी तिथूनच निघायची.

"जाताना दिसायची खेचरं," ते म्हणाले. "येताना बी दिसायची."

"गोळे पडल्यावर खाली आली ती?"

"व्हय."

"रिकामी?"

"न्हाई." ते थांबले. "पडलेली मानसं घालून आनायची. दोन बाजूंना दोन. रगात असायचं खेचरावं. उतरवली का पाठ धुयाची, पान्याच्या पखाली लादायच्या, पुना वर."

"वडिलांना पाहिलं होतं?"

"पायलं व्हतं. त्येंच्या हातनंच एक मानूस उतरवून घेतला व्हता मी."

हे दुसरं ठिकाण होतं. मी ते त्यांच्या शब्दांत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. मग मी वहीचा दुसरा कागद फाडला आणि त्यावर तीन वाक्यं लिहिली. पहिलं: मी त्या डोंगरावर कधीही गेलो नव्हतो. दुसरं: वर पाणी नव्हतं, ते खेचरांच्या तुकडीने नेलं. तिसरं: ती माणसं पळाली असं मी म्हणालो ते खोटं होतं, आणि म्हणताना मला ते खोटं आहे हे माहीत होतं.

त्यांनी कागद वाचला. "तिसरं तेवढं काड."

"नाही."

"दोन म्हनतो की मी. सगळ्यांम्होरं म्हनतो. तिसऱ्यात काय ऱ्हातंय मग माजं?"

मी पेनाचं टोपण लावलं. ते उठून आपल्या बर्थवर गेले. कागद त्यांनी नेला होता.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला सोसायटीची सभा होती. विषय गच्चीच्या गळतीचा आणि पार्किंगचा. झेंड्याच्या कट्ट्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. पंधरा ऑगस्टला असतात तेवढेच लोक होते, कदाचित थोडे जास्त. डोंगरावरची गोष्ट तोवर सगळ्या विंगांत पोहोचली होती. मेजर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. विषय संपल्यावर सेक्रेटरींनी माइक त्यांच्याकडे दिला. मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्यांनी पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. मग कागदाची घडी घातली आणि माइक खाली ठेवला.

"तिसरं राहिलं," मी म्हणालो.

सुपरवायझर माझ्या शेजारी होता. "जाऊ द्या भाऊ," तो हळूच म्हणाला. "लई झालं. म्हातारा माणूस हाय."

"तीन आहेत," मी म्हणालो.

मागून कोणीतरी खुर्ची सरकवली. मेजरनी माइक उचलला, कागद उघडला आणि तिसरं वाक्य वाचलं. 'म्हणताना' हा शब्द गळला. मी तो पुन्हा वाचायला सांगितला. त्यांनी पूर्ण वाक्य पुन्हा वाचलं, शब्दासकट. मग ते पहिल्या रांगेतून न जाता मागच्या बाजूने, जनरेटरच्या खोलीला वळसा घालून घरी गेले. त्यांच्यासाठी ठेवलेला चहाचा कप कट्ट्यावर तसाच होता.

मी वर आलो. वडील बाल्कनीत बसले होते. खालचा माइक तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतो.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"रेकॉर्डिंगही आहे."

"लाव."

मी लावलं. संपल्यावर ते म्हणाले, "परत." दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाले, "शेवटचं तेवढं." मी ते शोधून लावलं. तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कुठे दाबायचं ते विचारलं. मी दाखवलं. जेवणाची ताटं वाढेपर्यंत ते ऐकत होते.

मेजर गाडीत जे बोलले होते, तेही मी वहीतून वाचून दाखवलं. एक माणूस वडिलांच्या हातून उतरवून घेतल्याचं त्यात होतं. वडिलांनी ते ऐकलं. "असेल," म्हणाले. "चेहरे कोण बघतंय." मग म्हणाले, "हे त्याला खाली का नाही वाचायला लावलंस?"



मेजर त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आधी मुलीकडे थेरगावला गेले. दोन बॅगा होत्या, असं वॉचमनने सांगितलं. रात्री आठला ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांचा तळमजल्यावरचा फ्लॅट बंद आहे. पेपरवाल्याला पेपर टाकू नको म्हणून निरोप आला आहे.

सोमवारी सकाळी वडील खाली उतरले. त्यानंतर ते रोज उतरतात. नदीकाठी फिरायला जात नाहीत. मेजरच्या दारासमोर सिमेंटचा एक बाक आहे, त्यावर सकाळी सात ते आठ बसतात आणि दाराकडे तोंड करून बसतात. हा मजकूर लिहीपर्यंत मेजर परतलेले नाहीत.